न झालेल्या कुस्त्या

पालघरहून बोईसरला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आमच्या डब्यात रोज एक कुस्ती लागते. मध्ये उमरोळीचे एकच स्टेशन; पण तेवढ्या वेळात सलामी होते, खडाखडी होते, डाव पडतात, त्यांवर तोड निघते, आणि बोईसरचा फलाट आला की कुस्ती बरोबरीत सोडून मंडळी आपापल्या कामाला लागतात. या कुस्तीला माती लागत नाही, हलगी लागत नाही, पंचही लागत नाही. पैलवान तर हजर असावेच लागत नाहीत. किंबहुना दोघांपैकी एक तरी हयात नसला तर अधिक बरे. जो आता मैदानात उतरणारच नाही, त्याची पाठ लागण्याची भीती नसते.

भिडू ठरलेले आहेत. शिराळा तालुक्यातून चाळीस वर्षांपूर्वी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले एक वयस्क गृहस्थ. डबा त्यांना आबा म्हणतो. निवृत्त झाले तरी एका ठेकेदाराकडे देखरेखीला जातात. दुसरा गाझीपूरकडचा एक फिटर. तिसरे अणुवीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले काका. ते नातीला शाळेत पोचवण्यासाठी बोईसरला मुलीकडे जातात. चौथा मी. मी मॅट्रिक झालेला माणूस. शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत बोलण्यापेक्षा ऐकण्याचा उपयोग अधिक, म्हणून डब्यात मी बहुधा प्रेक्षकांतच असतो.

आबांचे पैलवान तीन. श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर आणि मारुती माने. पहिले १९५९ चे, म्हणजे अगदी पहिले हिंदकेसरी. दुसरे १९६० चे. तिसरे १९६४ चे. आंदळकर शिराळ्यातल्या पुनवतचे, म्हणून आबांच्या घरचेच. या तिघांपैकी कोणालाही आबा आजच्या कोणत्याही मल्लापुढे उभे करतात आणि उमरोळी येण्याच्या आत त्याला आस्मान दाखवतात. फिटर म्हणतो, हे सगळे ठीक आहे, पण आमच्या मंगला रायपुढे यांचे काय चालले असते? काकांना कुस्तीत गती नाही. ते मुष्टियुद्धवाले. त्यांचा महंमद अली सगळ्या काळांतल्या सगळ्या जगज्जेत्यांना पंधराव्या फेरीपर्यंत नाचवतो आणि मग खाली बसवतो.

ही करमणूक आहे आणि करमणूक म्हणून मला ती प्रिय आहे. तरीही आज मी तिच्याकडे जरा टीकाकाराच्या नजरेने पाहणार आहे. कारण या न झालेल्या कुस्त्या हा एक वाङ्मयप्रकारच आहे असे माझे मत होत चालले आहे. त्यात पात्रे आहेत, प्रसंग आहे, शेवट आहे. फक्त रचणारा आपण रचले आहे हे कबूल करत नाही. कादंबरीकार निदान मुखपृष्ठावर आपले नाव घालतो. डब्यातला माणूस मात्र आपल्या कल्पनेला इतिहास म्हणतो, आणि तिथून घोटाळा सुरू होतो.

या प्रकारातली सर्वांत मोठी आणि सर्वांत खर्चिक कृती अमेरिकेत झाली. काका ती हकीगत रंगवून सांगतात, कारण तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जिथे १९६९ साली वीज देऊ लागल्या तिथेच त्यांची पुढे उमेद गेली, आणि हा उद्योगही त्याच सालचा. एका निर्मात्याने आधी १९६७ मध्ये रेडिओवर सर्व काळांतल्या वजनदार गटाच्या विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा घेतली. जाणकारांनी प्रत्येकाच्या गुणदोषांना आकडे दिले, ते संगणकात भरले आणि निघालेल्या निकालावरून लढतीचे वर्णन प्रक्षेपित केले. त्यात अली जेफ्रीजकडून हरला. हा जेफ्रीज विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचा विजेता. अलीने बदनामीचा दावा लावला! मग तडजोड अशी झाली, की त्या स्पर्धेत शेवटी जिंकलेला रॉकी मार्सियानो आणि अली यांची लढत चित्रपटासाठी खेळवायची. मार्सियानो एकोणपन्नास लढती लढून एकही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झालेला. त्याने वजन उतरवले, डोक्यावर केसांचा टोप चढवला, आणि १९६९ मध्ये दोघांनी मिनिटामिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या कॅमेऱ्यापुढे लुटुपुटूच्या खेळल्या. शेवटही निरनिराळे चित्रित केले. कोणता खरा ठरणार हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

२० जानेवारी १९७० रोजी हा चित्रपट चित्रगृहांतून दाखवला गेला. अमेरिकेत मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला लोळवले. युरोपातल्या प्रेक्षकांना दुसरा शेवट मिळाला. तिथे मार्सियानोच्या जखमांमुळे लढत थांबली आणि अली जिंकला. यंत्र निःपक्षपाती असते म्हणावे, तर एका लढतीला दोन निकाल कसे? प्रेक्षक पाहून शेवट बदलण्याची ही कला आम्हां कादंबरीकारांच्या परिचयाची आहे. ती संगणकालाही साधते, एवढेच यातून कळले.

पण या हकिगतीतली मला खुपणारी गोष्ट ही नव्हे. मार्सियानो ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान कोसळून मरण पावला. आपण जिंकलो की हरलो हे त्याला कधीच कळले नाही. आणि अली त्या खोट्या रिंगणात का उतरला होता? खऱ्या रिंगणात उतरायची त्याला बंदी होती म्हणून. व्हिएतनामच्या युद्धावर जाण्यास त्याने नकार दिला आणि १९६७ मध्ये त्याचे विजेतेपद व परवाना काढून घेण्यात आला. पंचविसापासून अठ्ठाविसापर्यंतची, मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातली ऐन भराची वर्षे. ऑक्टोबर १९७० मध्ये तो परत आला. मधल्या काळात त्याच्या ज्या लढती व्हायच्या त्या झाल्या नाहीत, आणि जी होणे शक्यच नव्हते ती मात्र झाली. न झालेल्या लढतींत दोन जाती आहेत हे मला इथे प्रथम लक्षात आले. काही काळाच्या अंतरामुळे होत नाहीत; त्यांचे दुःख कोणाला नाही. काही कोणीतरी होऊ देत नाही. डब्यात चर्चा नेहमी पहिल्या जातीची होते.

आता आपल्या मातीकडे येऊ. आबांच्या कुस्त्यांत एक गोष्ट गृहीत असते: पैलवान म्हणजे एक ठराविक वस्तू, ती उचलून कुठेही ठेवावी, तिचे बळ तेवढेच राहते. हे खरे आहे काय? सुदैवाने दोन उदाहरणे अशी आहेत की जिथे कल्पना करावी लागत नाही.

पहिले गामाचे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची जोड लागली. झिबिस्को मोठ्या ताकदीचा मल्ल. पण गामाचा झपाटा पाहून त्याने गादीशी अंग धरले ते सोडलेच नाही. अडीच तासांहून अधिक वेळ झाला तरी निकाल नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, पण झिबिस्को आला नाही आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला तीच जोड पुन्हा लागली. दोघेही पन्नाशीच्या घरात. या वेळी खाली गादी नव्हती, आपली माती होती, आणि रीतही आपली. गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोला चीत केले.

माणसे तीच दोन. मग अडीच तासांचा झिबिस्को खरा, की एका मिनिटाचा? आबांना विचारले तर ते म्हणतील, एका मिनिटाचा. लंडनच्या एखाद्या जुन्या वर्तमानपत्रवाल्याला विचारले असते, तर त्याचे उत्तर निराळे आले असते. मला वाटते दोन्ही खरे. गादीवर पोटावर पडून राहणे हा बचाव होऊ शकतो. तिथे त्याला कसब होते. भुसभुशीत मातीत, आपल्या रीतीत, ते कसब उपयोगी पडले नाही. म्हणजे बदलला तो माणूस थोडा आणि त्याच्या पायांखालची जमीन फार.

दुसरे उदाहरण आबांच्याच घरचे आहे. पण त्याचा त्यांनी असा विचार केला नव्हता. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत आंदळकर सत्त्याण्णव किलोंवरच्या गटात उतरले आणि माने सत्त्याण्णवच्या गटात. दोघेही दोन्ही प्रकारांत लढले. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पायांनाही हात घालता येतो त्या प्रकारात, मान्यांना सुवर्ण आणि आंदळकरांना रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये, म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही अशा प्रकारात, बरोबर उलटे: आंदळकरांना सुवर्ण, मान्यांना रौप्य. तेच शहर, तीच स्पर्धा, खुराक तोच. फक्त कमरेखाली हात घालायचा की नाही एवढा नियम बदलला आणि दोघांच्याही गळ्यातल्या पदकाचा रंग बदलला. शिवाय वजनाचे गट होते म्हणून दोघांनाही सोने मिळाले. सगळ्यांना एकाच फडात घालण्याची जुनी रीत असती तर त्यांतला एक शेवटच्या कुस्तीआधी वाटेतच गळला असता, आणि आज आबांच्या यादीत कदाचित दोनच नावे असती.

मी हे डब्यात मांडले तेव्हा आबा उसळले. "मास्तर, गादीवरची कुस्ती म्हंजे मीटरवरची रिक्षा. वेळ झाली की उतरा. त्यात पैलवान काय कळतोय?"

त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मातीतली कुस्ती निकाली असे. पाठ लागल्याशिवाय हार नाही. तासभर झुंजून पन्नासाव्या मिनिटाला डाव साधण्याची शिदोरी पैलवानाकडे लागे, आणि जोरबैठका, बदाम, दूध, तूप हा सगळा संसार त्या पन्नासाव्या मिनिटासाठी असे. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाचा दम. गुण मोजले जातात, दहा गुणांची आघाडी झाली की फ्रीस्टाइलमधली कुस्ती तिथेच संपते. पहिल्या मिनिटात जो झोप काढील तो गेला. मातीतला मल्ल गादीवर आणला तर त्याची शिदोरी उघडण्याआधीच घंटा होईल. गादीवरचा मातीत नेला तर विसाव्या मिनिटाला त्याचा भाता फुटेल. तेव्हा "अमका असता तर" असे म्हणताना पहिला प्रश्न हा, की कुस्ती कोणत्या मातीत लावता? बहुतेक वादांत ज्याच्या तोंडी वाद असतो तो आपल्याच पैलवानाची माती अंथरतो आणि दुसऱ्याला म्हणतो, या.

आणि गंमत अशी की ही माती-गादीची झुंज महाराष्ट्रात प्रत्यक्षात लागते. तिच्यासाठी मेलेल्यांना उठवण्याचे कारण नाही. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. अलीकडे तिच्यात मातीचा विजेता निराळा निघतो, गादीचा निराळा, आणि गदेसाठी ते दोघे एकमेकांशी भिडतात. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला गादीचा शिवराज राक्षे मातीच्या महेंद्र गायकवाडवर विजयी झाला. त्याच साली नोव्हेंबरात फुलगावला मातीच्या सिकंदर शेखने त्याच राक्षेला हरवले. कालची विद्या श्रेष्ठ की आजची, या प्रश्नाला एका वर्षात दोन उत्तरे मिळाली.

धावण्याच्या शर्यतीत निदान घड्याळ असते, असे काका म्हणतात. जेसी ओवेन्सने १९३६ मध्ये शंभर मीटर १०.३ सेकंदांत कापले, बोल्टने २००९ मध्ये ९.५८ मध्ये; प्रश्न मिटला. पण ओवेन्स कोळशाच्या राखेच्या वाटेवर, खुरप्याने उकरलेल्या खड्ड्यांत पाय रोवून सुटत होता. तेव्हा घड्याळ सांगते ते खरे, पण अपुरे. कुस्तीत तर तेही नाही. कुस्तीतले घड्याळ म्हणजे समोरचा माणूस. पैलवान किती मोठा, हे त्याच्यापुढे कोण उभे होते यावरूनच कळते. आणि पुढे उभे राहायला कोणाकोणाला परवानगी होती, हा त्याच्याही आधीचा प्रश्न.

इथे मला हमीदा बानूची आठवण होते. मूळची मिर्झापूरची ही पैलवान स्त्री १९५० च्या दशकात पुरुषांना आव्हान देत हिंडत होती. १९५४ मध्ये बडोद्याला बाबा पैलवानाला तिने दीड मिनिटाच्या आसपास हरवले. त्या काळात तिचे नाव वर्तमानपत्रांतून गाजले. पण आपल्याकडे कोल्हापूरला ती एका पुरुष मल्लाला हरवून बसली, तेव्हा प्रेक्षकांनी तिच्यावर दगड टाकले. रामचंद्र साळुंखे या मराठी मल्लाशी तिची ठरलेली कुस्ती तालीमवाल्यांच्या संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्यापर्यंत तिने गाऱ्हाणे नेले होते. तिच्या कुस्त्या नुरा असत, असाही आरोप झाला. तो खरा की खोटा हे ठरवण्याचा एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे कुस्ती लावणे. तेच झाले नाही. उत्तरायुष्यात ती कल्याणला राहिली, दुधाचा धंदा करून. आमच्या डब्यातून कल्याण काही फार दूर नाही; पण इतक्या वर्षांच्या कुस्त्यांत तिचे नाव मी एकदाही ऐकले नाही. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला २०२३ चा मार्च उजाडला. सांगलीला झालेल्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी जिंकली. शेवटच्या कुस्तीत तिच्यापुढे उभी होती ती कल्याणची वैष्णवी पाटील. तेव्हा "सर्व काळांतला श्रेष्ठ" अशी यादी करताना त्या काळांच्या दारावर कोण उभे होते आणि कोणाला आत सोडत नव्हते, हेही लिहायला हवे. नाहीतर ती यादी पैलवानांची न राहता दारवानांची होते.

ही खोड कुस्तीवाल्यांचीच आहे असे वाचकांनी समजू नये. आमच्या साहित्यातही तीच आहे. मागे एका ठिकाणी माझ्या कादंबरीवर बोलताना एक विद्वान म्हणाले, "हरिभाऊंपुढे हे टिकेल का?" हरिभाऊ आपट्यांपुढे मी टिकणार नाही हे मला मान्य आहे, त्यासाठी सभा भरवण्याची गरज नव्हती. पण हरिभाऊ स्वतः चालवलेल्या 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने कादंबरी लिहीत, आणि पुढच्या आठवड्याची वाट पाहणारा वाचक त्यांच्यापुढे बसलेला असे. माझा वाचक पालघरच्या फलाटावर हातातल्या मोबाइलकडे पाहत उभा आहे, आणि त्याने माझ्या पुस्तकाकडे मान वर करावी अशी माझी धडपड आहे. हरिभाऊंची माती आणि माझी गादी. माझे दोष दाखवावेत, जरूर दाखवावेत. पण ते माझ्या कादंबरीतले दाखवावेत. हरिभाऊंचे नाव घेतल्याने विद्वानांना माझे पुस्तक वाचण्याचे श्रम वाचले, असा मला त्या दिवशी संशय आला.

इथपर्यंत सगळे तात्त्विक झाले. एवढ्यावरून मी लेख लिहिला नसता. लिहिण्याचे कारण आबांचा नातू.

आबा पालघरला जुन्या घरात राहतात, मुलगा-सून बोईसरला. नातू आमच्या शाळेत नववीत आहे. आमचा मुलूख काही कुस्तीचा नव्हे. घाटावर जशी गावोगाव तालीम दिसते तशी इकडे दिसत नाही. किनाऱ्याला होड्या आणि जाळी, आत बागा आणि भातशेती, आणि मधोमध कारखान्यांची धुराडी. तरी या पोराला आबांच्या गोष्टींनी नाद लागला. एका व्यायामशाळेत जुन्या गाद्यांवर तो सराव करू लागला. गेल्या वर्षी शालेय स्पर्धेत दोन कुस्त्या जिंकला, तिसरी दोन गुणांनी हरला. आमच्यासारख्या शाळेला हे खूपच होते. मी वर्गात त्याचे कौतुक केले.

त्यानंतर पोराने सराव सोडला. मला महिन्याने कळले. मधल्या सुट्टीत बोलावून विचारले, तर बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, "सर, आबा रोज सांगतात, मारुती माने असते तर दोन मिनिटांत निकाल लावला असता. खंचनाळे असते तर असा डाव टाकला असता. रोज ते मला त्यांच्याशी लढवतात आणि रोज मी हरतो."

मी काहीतरी समजुतीचे बोललो. त्याने ते ऐकून घेतले आणि मला विचारले, "सर, ते मोठे पैलवान नववीत असताना कधी हरले होते का?"

मला उत्तर देता आले नाही. आपण मोठ्या मल्लांची नावे त्यांच्या गदांपासून मोजतो. चौदाव्या वर्षी कोणत्या जत्रेत कोणी त्यांना पाठीवर पाडले, याची नोंद कोण ठेवतो? न झालेल्या कुस्तीत उतरणारा जुना पैलवान नेहमी त्याच्या सर्वांत चांगल्या दिवशी उतरतो. त्याला ताप नसतो, त्याचा गुडघा दुखत नाही, रात्री त्याला झोप लागलेली असते. समोरचा जिवंत पोर मात्र काल संध्याकाळी हरलेला असतो. अशा जोडीला नुरा म्हणतात; आबांनी ती नुरा आहे हे जाणून लावली नव्हती, एवढेच.

आणि मला माझीही आठवण झाली. "तुमच्या आधीची बॅच अशी नव्हती," हे वाक्य मी वर्गात किती वेळा बोललो असेन! त्या आधीच्या बॅचलाही मी हेच सांगत होतो.

मुलाला मग मी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले. माती सोडून गादीवर, परक्या नियमांनी लढायचे होते. सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा गेले ते पैशांची जुळवाजुळव करून. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकले. तिथे खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर विश्रांती न मिळता लगेच रशियाच्या मल्लापुढे उभे राहावे लागले, ही हळहळ त्यांच्या हकिगतीत नेहमी येते. विश्रांती मिळाली असती तर, हा मोठाच जर-तर आहे आणि आबांचा तो आवडता आहे. पण मला मुलाला दुसरेच सांगायचे होते. १९४८ चे खाशाबा आणि १९५२ चे खाशाबा यांची जोड लावली तर कोण जिंकेल? पोर पटकन म्हणाले, "बावन्नचे." मी म्हणालो, "का?" तो म्हणाला, "अठ्ठेचाळीसचे हरून शिकले होते ना."

वेगवेगळ्या काळांतल्या मल्लांची जी कुस्ती खरोखर लागू शकते ती बहुधा एवढीच. गामा आणि झिबिस्को यांचीही तशीच. अठरा वर्षांपूर्वीच्या आपल्याच कुस्तीशी ते दोघे पतियाळाला लढत होते. बाकीच्या आपण रचतो. रचाव्यात, मला त्यात वावगे वाटत नाही. आंदळकर आणि आजचा एखादा मल्ल यांची जोड मनात लावली की निदान दोघांचे डाव नीट पाहावे लागतात. एकाला दमाची शिदोरी का लागत होती आणि दुसऱ्याला पहिल्या मिनिटाचा झपाटा का लागतो, हे कळते. चांगल्या टीकेचे काम याहून निराळे नाही. पण त्या कुस्तीचा निकाल आणून जिवंत माणसाच्या पाठीवर मारला, की ती टीका राहत नाही.

हे सगळे मी आबांना सांगितले, पण डब्यात नव्हे. चारचौघांत आबांची पाठ लावणे बरे दिसले नसते. बोईसरला उतरल्यावर फलाटावर बाजूला घेऊन नातवाचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. आबा गप्प झाले. त्यांची ठेकेदाराची गाडी बाहेर थांबली होती, तिने दोनदा भोंगा दिला. मग ते म्हणाले, "मास्तर, मी बी लहानपणी लढत होतो. जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या असत्यात, त्यात. पहिल्याच साली एका बारक्या पोरानं मला असा आपटला की माझी चड्डी फाटली. रेवड्या तर गेल्याच, वर आईनं मारलं."

"हे नातवाला सांगितलंत कधी?"

"ते काय सांगायचं?"

"तेच सांगा," मी म्हणालो.

त्यांनी सांगितले की नाही हे मी विचारले नाही. पण पुढच्या आठवड्यात पोराच्या कानाशी गादी घासल्याची लाल खूण दिसली, आणि मधल्या सुट्टीत तो दोन पोरांना सांगत होता, की आमच्या आबांची चड्डी फाटली होती.

डब्यातली कुस्ती अजून रोज लागते. परवा फिटरने मंगला रायला मैदानात आणले, काकांनी अलीला उठवले, आणि आबांनी मान्यांना लांघ चढवला. सलामी झाली. आबांनी बोलायला तोंड उघडले, मग माझ्याकडे एकदा पाहिले आणि फिटरला म्हणाले, "आधी सांग, माती कुठली घ्यायची?" एवढ्यावरच पुष्कळ भांडण झाले, आणि माती ठरायच्या आत बोईसर आले.